तंबूचा तुकडा

आमच्या जमिनीला सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पण घरात तो कुणाच्या तोंडात नाही. विहिरीजवळचा तो मळा, ओढ्याकडची ती पड, आणि रेल्वेच्या भरावाला लागून असलेलं पाऊण एकर म्हणजे तंबूचा तुकडा. तिथं तंबू कुणीच पाहिलेला नाही. वडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. नाव मात्र राहिलं.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, दौंड-मनमाड लाईनच्या कडेला. तंबूच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला एक टेकाड होतं. कमरेएवढं उंच, घाणेरी आणि बाभळीनं भरलेलं. नांगर त्याच्या कडेनं वळला की फाळाला काच लागायची. काळी, जाड काच. उन्हात धरली की ती काळी नसून गर्द हिरवी आहे हे कळायचं. वडील म्हणायचे, "अनवाणी जाऊ नको तिकडं, काच भरंल." त्यामुळे ते टेकाड आमच्या वहितीत कधी आलंच नाही. गावात कुजबुज अशी की तिथं साहेबाचं धन पुरलंय.

धन नव्हतं. बाटल्या होत्या. त्या बाटल्यांचीच ही हकिकत आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही.

तंबू कुणाचा ते आज्जीनं सांगितलं होतं. तिची सासू, म्हणजे माझी पणजी, आठ-नऊ वर्षांची असताना त्या भरावावर माती टाकायला गेली होती. आज्जी म्हणायची, "सासूबाईंच्या डोक्याचा मधला भाग चपटा व्हता. पाटीनं झालेला." ते काम दुष्काळाचं होतं. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यात दौंड ते मनमाड ही सुमारे २३५ किलोमीटरची लाईन होती. मातीकाम बहुतेक दुष्काळातल्या माणसांनी केलं आणि १८७८ साली गाड्या धावू लागल्या. त्या काळात कामावर देखरेख करणारा कुणी गोरा साहेब आमच्या तुकड्यात तंबू ठोकून राहिला होता, एवढंच आज्जीला माहीत.

मजुरी किती मिळायची? १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळाच्या खर्चावर लक्ष ठेवायला पाठवलं. त्यानं मजुरी खाली आणली. दिवसभराच्या कामाला एक पौंड धान्याच्या किमतीएवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. बाईला पुरुषापेक्षा कमी, पोराला त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो माणसांनी या मजुरीवर काम करायचं नाकारलं आणि कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

हे सगळं मी पुढं वाचलं. लहानपणी पणजीची गोष्ट ही नुसती गोष्टच होती. तिचा अर्थ लागला १९७२ साली. मी चौदा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली आणि आई, मी, चुलती असे आम्ही खडी फोडायला जाऊ लागलो. दुपारी सुकडी मिळायची. लाल मिलोच्या भाकरीला चव नसायची, पण पोट भरायचं. हाताला फोड आले की आज्जी हळद-तेल लावायची आणि पुन्हा पणजीचं डोकं काढायची. तेव्हा मला कळलं, की दुष्काळी कामावर जाणाऱ्या पोरांत मी आमच्या घरातला दुसरा.

आता बाटल्यांकडे येतो.

२००९ च्या उन्हाळ्यात बांध सरळ करायला मी टेकाडाची एक बाजू उकरली. हाताला पहिली अख्खी बाटली लागली. काळपट हिरवी, बूड आत खोल गेलेलं, तोंडाशी काचेची जाड वळी. धुतली तर काचेत बुडबुडे, आणि अंगावर तेलाच्या तवंगासारखे रंग. मला वाटलं काहीतरी दैवी प्रकार आहे. तसलं काही नसतं. काच शंभर-सव्वाशे वर्षं ओल्या मातीत राहिली की तिच्यातले क्षार पाण्यानं निघून जातात, वरचा पापुद्रा सुटतो आणि त्यावर उजेड पडला की रंग दिसतात.

आठ दिवसांत मी एकतीस बाटल्या काढल्या. टिकावानं काढल्या, हे मुद्दाम सांगतो. जेवढ्या काढल्या त्याच्या दुप्पट फोडल्या असतील. ओट्यावर ओळीनं मांडल्या. बघायला निम्मं गाव आलं. बातमी कशी गेली कोण जाणे, पंधरवड्यात पुण्याच्या जुन्या बाजारात माल विकणारा एकजण मोटारसायकलवर आला. एकेक बाटली उचलून बुडाकडून बघत होता. मी विचारलं, "बुडाला काय बघता?" तो म्हणाला, "काही नाही काका, तडा बघतो." नंतर कळलं की बाटलीचं वय बुडात आणि तोंडात असतं. त्यानं एकतीस बाटल्यांचे साडेतीन हजार रुपये दिले. मोटर जळालेली होती. मोटर भरायला तेवढेच लागत होते. मी पैसे घेतले, त्यानं बाटल्या गोणपाटात गुंडाळून नेल्या. मला वाटलं सौदा चांगला झाला. भंगारात किलोवर गेल्या असत्या तर चहाचेही पैसे सुटले नसते.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर गावात आले. त्यांना रेल्वेच्या कामाच्या आठवणी गोळा करायच्या होत्या. मी पणजीची गोष्ट सांगितली, मग ऐटीत बाटल्यांची सांगितली. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "वरच्या थरात कोणत्या मिळाल्या आणि तळाला कोणत्या?"

मी म्हणालो, "थर कसले सर? खणत गेलो, निघत गेल्या."

"एखादी अंड्यासारखी, बुडाला टोक असलेली होती का?"

"दोन होत्या."

"त्या कुठं लागल्या? गोटीवाल्या बाटल्यांच्या वर की खाली?"

मला सांगता येईना. सरांनी वही मिटली. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "काका, बाटली बाजारात शेकड्यांनी मिळते. तुमच्या शेतातली गोष्ट मात्र एकदाच मिळणार होती." ते बोलणं मला लागलं. पीक काढताना कुठल्या वाफ्यात काय पेरलं होतं हे मी कधी विसरत नाही. आणि इथं माझ्या पणजीच्या वेळचा माल मी सरमिसळ करून विकून टाकला होता.

सर पुढं दर महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. त्यांच्याकडून आणि त्यांनी आणून दिलेल्या पुस्तकांतून मी बाटली वाचायला शिकलो. दहावी शिकलेल्या माणसाला जमेल असंच हे शास्त्र आहे, म्हणून थोडं सांगतो.

बाटली हातात घ्यायची आणि अंगावरून बोट वर न्यायचं. साच्याचा सांधा बोटाला लागतो. तो खांद्याशी किंवा मानेशी संपला, तर तोंड हातानं वेगळं घडवलेलं आहे. सांधा थेट ओठावरून गेला, तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेत ओवेन्स नावाच्या माणसानं १९०३ च्या सुमारास पूर्ण बाटली आपोआप करणारं यंत्र आणलं, त्यानंतर असा माल वाढत गेला. त्याच्याही मागं जायचं तर बूड पालथं करायचं. बुडाला खडबडीत वण असला, तर बाटली लोखंडी दांड्याला चिकटवून तोंड घडवलेली. ही जुनी रीत बिअरच्या बाटल्यांत १८६० नंतर मागं पडत गेली. तोंडाला पत्र्याचं बूच बसेल अशी गोल कड असली, तर ती १८९२ च्या पुढची, कारण ते बूच विल्यम पेंटरनं त्या साली पेटंट केलं.

सोड्याच्या बाटल्यांचा इतिहास तर याहून गमतीचा. सोड्यातला वायू बुचातून निसटू नये म्हणून बूच सतत ओलं राहायला हवं. त्यासाठी इंग्लंडात बूडच नसलेली, अंड्याच्या आकाराची बाटली निघाली. ती उभी राहूच शकत नाही, आडवीच ठेवावी लागते. तिला हॅमिल्टनची बाटली म्हणतात. नंतर लंडनच्या हायरम कॉड यानं १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गोटीची बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबानंच गोटी तोंडाला घट्ट बसते, बुचाची गरजच नाही. जत्रेत आपण सगळ्यांनी फट्‍कन आवाज करत प्यालेला गोटी सोडा तो हाच. विलायतेत ही बाटली कधीच संपली, आपल्याकडे अजून चालते. आणि गोट्या काढायला तिकडची पोरंही बाटल्या फोडायची, आपल्यासारखीच.

तिकडं जुन्या बाटल्या खणून काढायचा नादच आहे. इंग्लंडात लोक राणी व्हिक्टोरियाच्या काळातले उकिरडे शोधतात. अमेरिकेत जुन्या घरांमागचे संडासाचे खड्डे उपसतात, कारण लोक फुटकं-तुटकं त्यातच टाकायचे. सरांनी एका पुस्तकात तिकडचे खिशात मावणारे फ्लास्क दाखवले. काचेतच घडवलेलं वॉशिंग्टनचं तोंड, दुसऱ्या बाजूला गरुड. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी लोक त्यातून दारू न्यायचे, आज त्याला मोठी किंमत येते. मी म्हणालो, "सर, म्हणजे ही त्यांची चपटीच की!" सर खूप हसले.

पण तिकडच्यासारखे बाटल्यांनी भरलेले खड्डे आपल्याकडे सहसा सापडत नाहीत, कारण आपल्याकडे बाटली कुणी टाकतच नव्हतं. रिकाम्या बाटलीलाही गिऱ्हाईक होतं. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाय, ज्यांच्या नावानं जे. जे. हॉस्पिटल आहे, त्यांनी तरुणपणी रिकाम्या बाटल्यांचाच धंदा केला, आणि लोक त्यांना बाटलीवाला म्हणायचे. आमच्या घरात आज्जीकडे एक काळी बाटली होती. तिला चिंधीचं बूच. आधी करडईचं तेल, मग घासलेट, शेवटी फिनेल, अशी तिनं नोकरी केली. दवाखान्यात जाताना बाटली आपली न्यावी लागायची. कंपाउंडर लाल औषध भरायचा आणि मात्रा कळाव्यात म्हणून बाहेरून कात्रीनं कापलेली कागदी पट्टी चिकटवायचा. बाटली फुटली की घरात मार बसायचा. आपल्या मुलखात काच उशिरा पिकली. तळेगावला लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसाफंडाचा काच कारखाना निघाला १९०८ साली. ओगल्यांचा निघाला १९१६ साली, त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या ओसरीवर टांगलेला असायचा. त्याआधीची चांगली बाटली बहुतेक बोटीतून आलेली.

मग आमच्या टेकाडात एवढ्या बाटल्या टाकल्या कुणी? हा प्रश्न मला दहा वर्षं छळत होता. उत्तर शोधायची वेळ आली २०१९ साली, आणि तीही नको त्या रीतीनं.

आदल्या साली पाऊस गेला होता. डाळिंबाची बाग टँकरवर जगवली. थोरल्यानं शेततळ्याचा अर्ज केला, तो मंजूर झाला. जागा कोणती? तंबूच्या तुकड्याची वरची बाजू, टेकाडासकट. तिथून पाणी सायफननं साऱ्या रानाला जातं, आणि ती जागा तशीही पडीक. पोराचं चूक नव्हतं. जेसीबीवाल्याची तारीखही ठरली.

मी म्हणालो, "टेकाड सोडून घे."

तो म्हणाला, "आण्णा, टेकाड सोडलं तर तळं निम्मं होतं. बाग मेली तर बाटल्या खायच्या का?"

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रात्री विचार करत पडलो. पणजी पाण्यावाचून भरावावर गेली. मी पाण्यावाचून खडीवर गेलो. आता नातवंडांसाठी पाणी साठवायची संधी आली आणि मी ती साहेबाच्या उकिरड्यासाठी अडवायची? ते काही मनाला पटेना. पण जेसीबीचा दात एका तासात सगळं दळून टाकणार, हेही बघवेना. शेवटी मी पोराला म्हणालो, "पंधरा दिवस दे. मग तुझं तळं." त्यानं दिले.

या वेळी रीतसर केलं. सरांनी सांगितलं होतं की जमिनीत सापडलेल्या किमती वस्तूंसाठी १८७८ सालचा कायदा आहे, दहा रुपयांवरची वस्तू असली तरी कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. मी लेखी अर्ज दिला. अर्ज घेणारा हसला, "बाटल्यांसाठी अर्ज आजच बघतोय," पण शिक्का मारून पोच दिली. ती पोच मी जपून ठेवलीय.

खणायला मी, धाकटा भाऊ आणि सूनबाई. सूनबाई वही घेऊन बसली. टिकाव फक्त वरच्या मातीला लावायचा, काच दिसली की खुरपं, आणि शेवटी हात. खड्डा कडेनं पायरी-पायरीनं उतरवायचा, म्हणजे कड अंगावर येत नाही. बाटलीत काही शिल्लक असेल तर वास घ्यायचा नाही. सूनबाई टेपनं खोली मोजायची आणि विचारायची, "मामा, ही गोटीची की बुचाची?" मी सांगायचो, ती लिहायची. अकरा दिवस लागले.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की ते टेकाड नव्हतंच. तो खड्डा होता, भरून वर आलेला. कडा सरळ कापलेल्या, मुरमावर टिकावाचे वण अजून दिसत होते. भरावासाठी माती काढलेला खड्डा. म्हणजे जिथून आमच्या लोकांनी माती उचलली, त्याच खड्ड्यात तंबूतला कचरा टाकला गेला.

वरच्या दीड फुटात यंत्रावरच्या बाटल्या, पत्र्याच्या बुचाच्या, औषधाच्या. हा कचरा पुढच्या काळातला, रेल्वेच्या चाळीतून आलेला असावा. त्याखाली फूटभर गोटीच्या बाटल्या, सगळ्या माना फोडलेल्या, गोटी एकीतही नाही. पोरं तेव्हाही पोरंच होती. तिथंच एक निळीभोर सहा कोनांची बाटली, अंगावर उभ्या रेघा. ती विषारी औषधाची. अंधारात हाताला कळावं म्हणून तिला रेघा असतात. मग हातभर नुसती माती. आणि तळाला, साडेचार फुटांखाली, तो तंबूतला माल.

वहीत लिहिलेलं उतरवतो. जाड काळपट हिरव्या बिअरच्या बाटल्या, बुडं मोजून चौसष्ट, त्यांतल्या अख्ख्या नऊ. एकीलाही दांड्याचा वण नाही, सगळ्यांची तोंडं हातानं घडवलेली. हॅमिल्टनच्या अंडाकृती तीन, एक अख्खी. चौकोनी जिनच्या बाटल्यांचे तुकडे. दगडी मातीची शाईची बाटली एक, ओतायला चोच असलेली. तसलीच जिंजर बिअरची एक. एक साधी चपटी, वॉशिंग्टनवाचूनची. कोंबड्यांची आणि शेळीची हाडं पाटीभर.

सर आले. खड्ड्यात उतरून तळाशी उकिडवे बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या आज्जीचं बरोबर होतं. तळातला सगळा माल त्याच काळाशी जुळतो." कागदोपत्री कुठं आमच्या गावचा तंबू लिहिलेला मला मिळालेला नाही. पण बाटल्यांनी साक्ष दिली.

ती चौसष्ट बुडं ओट्यावर मांडली तेव्हा माझ्या मनात हिशोब सुरू झाला, शेतकऱ्याला दुसरं काय येतं? विलायतेहून बोटीनं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं, सोडा आणि बिअर इथवर येऊन पोचली. म्हणजे दुष्काळातही वाट चालू होती, गाड्या चालू होत्या. बाटली फुटू नये म्हणून पेंढ्यात गुंडाळून आणता येत होती. आणि खड्डा खणणाऱ्या पोरीला अर्धा पौंड धान्य मिळालं की नाही, याचा पत्ता नाही. साहेब वाईट होता असं मी म्हणत नाही, तो मला माहीत नाही. कदाचित तापानं फणफणतही असेल, आमचं पाणी त्याला बाधत असेल म्हणून सोडा पीत असेल. पण त्याचं जेवण काय होतं ते मी सांगू शकतो. पणजीचं काय होतं ते सांगायला काही सापडलं नाही. मजुरांचा तळ भरावाच्या खालच्या अंगाला होता म्हणतात. ते रानही मी पन्नास वर्षं नांगरलंय. एक खापर लागलं नाही. ज्यांच्याकडं टाकायलाच काही नव्हतं, त्यांचा उकिरडा कुठून असणार?

त्यांचं राहिलं आहे ते भराव. त्यावरून अजून गाड्या जातात.

सोळाव्या दिवशी जेसीबी आला. मी बांधावर उभा राहून बघितलं. आता तिथं शेततळं आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात बागेला टँकर लागला नाही. बाटल्या सूनबाईनं पाण्यात भिजवून जुन्या ब्रशनं धुतल्या, घासल्या नाहीत, ॲसिड लावलं नाही. रंगाचा पापुद्रा तसाच राहिला. शाळेनं एक कपाट दिलंय, त्यात त्या खोलीप्रमाणे मांडल्यात. वरच्या फळीत वरच्या, खालच्या फळीत खालच्या. पोरं येतात, गोटी कुठाय विचारतात.

सर म्हणाले होते की विकलेल्या एकतीस बाटल्याही आठवतील तेवढ्या लिहून काढा. वहीचं पहिलं पान त्यासाठी ठेवलं. बारा आठवल्या. त्यांतल्या चारांचाच थर मी अंदाजानं सांगू शकतो. बाकीच्या एकोणीस ओळींना आकडे टाकून ठेवलेत, पुढं काही नाही. तो मोटारसायकलवाला पुन्हा कधी दिसला नाही, आणि दिसला तरी त्याला काय विचारणार? त्याच्याकडं बाटल्या असतील, पण माझ्या शेतात त्या कुठं होत्या हे त्याला कसं ठाऊक असणार? ते फक्त मला ठाऊक असायला हवं होतं.

तुमच्याही रानात, जुन्या वाड्याच्या मागं, डाक बंगल्याच्या कडेला, कधीतरी फाळाला अशी काच लागेल. विकायची की ठेवायची ते नंतर ठरवा. आधी घरातल्या शाळकरी पोराला बोलवा, टेप धरा, किती खोल लागली ते लिहा, आणि शेजारी काय होतं तेही लिहा. आणि रानाचं नाव काय आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या.